संध्याकाळ कोणाच्या मालकीची?

१

गेल्या पावसाळ्याच्या अखेरची गोष्ट. भातकुलीला आमच्या वस्तीतल्या एक बाई संध्याकाळी घरी आल्या. चार घरची धुणीभांडी करतात, हंगामात वेचणीला जातात. सोबत पाचवीतला मुलगा होता. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत.

"सर, पोट्ट्याले कराटेच्या क्लासात टाकाव म्हणते. शाळा सुटली का हा पाच वाजतापासून रिकामा फिरते. मी सात वाजेलोक घरी नाई. पन तिथं दर मयन्याची फी हाये, कपडे येगळे, आन् अमरावतीले जायाचं-यायाचं भाडं येगळं. तुमच्या वळखीत एखादं सस्तं असन तं सांगा न."

माझ्या ओळखीत असे काही नव्हते. भातकुली हे तालुक्याचे ठिकाण, आता नगरपंचायतही झालेले. पण मुलांना चित्र काढायला, पोहायला, तबला वाजवायला शिकवणारे जे काही आहे ते अमरावतीत आहे. मी स्वतः रोज एसटीने अमरावतीला जातो, एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. चळवळीतल्या परिषदा, सत्याग्रह आणि करार मला तारखांसह पाठ आहेत. या बाईंच्या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते. 'बघतो' म्हणालो. त्या म्हणाल्या, "बघा, पन लौकर बघा."

त्या गेल्यावर माझ्या लक्षात आले की हा प्रश्न नुसत्या कराटेचा नाही आणि नुसत्या फीचाही नाही. आपण शाळेचा इतिहास लिहिला. पहिली शाळा कोणी काढली, आपल्या मुलांना वर्गाबाहेर कोणी बसवले, शिष्यवृत्ती कोणी दिली, हे आपण शोधून काढले आणि ते आवश्यकच होते. पण शाळेची शेवटची घंटा वाजल्यानंतर दिवेलागणीपर्यंत जे दोन-तीन तास उरतात त्यांचा इतिहास आपण लिहिलेला नाही. वर्गात सगळ्या मुलांना एकच पुस्तक असते. मुलामुलांतले अंतर खरे वाढते ते या दोन-तीन तासांत. एक मूल शिकवणीला, मैदानावर, गाण्याच्या वर्गाला जाते. दुसरे रस्त्यावर असते किंवा चुलीपाशी. म्हणून संध्याकाळ ही मालमत्तेसारखी तपासली पाहिजे. ती आजवर कोणाच्या मालकीची होती, कोणी हिसकावली, कोणी परत मिळवली, आणि आज ती कोणाकडे गहाण पडली आहे?

२

बाईंच्या बोलण्यातला 'रिकामा' हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. कारण दलित मुलाच्या वाट्याला रिकामी संध्याकाळ इतिहासात फारशी कधी आलीच नाही. बलुतेदारीच्या व्यवस्थेत गावकीचा निरोप घेऊन बाप दुसऱ्या गावी धावत असे, तेव्हा घरातली आणि वाड्यावरची उरलेली कामे पोरांच्या अंगावर येत. ढोरांमागे जाणे, सरपण गोळा करणे, कडबा वाहणे यांना कोणी 'बालमजुरी' म्हणत नव्हते. ती रीत होती. रीत म्हटले की मजुरी द्यावी लागत नाही.

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि गावकीतून सुटलेली माणसे तेथे राबू लागली. मुलेही राबू लागली. १८८१ साली या देशात पहिला कारखाना कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांच्या पोराने नऊच तास काम करावे, ही त्या काळची दया! आणि ही दयासुद्धा सर्वांसाठी नव्हती. वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने कायद्याने वगळले होते. कापसाच्या हंगामापुरते चालणारे जिन त्यामुळे आपोआप बाहेर राहत. अशा हंगामी कारखान्यांपर्यंत कायदा पोहोचायला १९११ साल उजाडावे लागले. म्हणजे मुंबईच्या गिरणीतल्या मुलाची संध्याकाळ कागदावर तरी मोजली गेली. वऱ्हाडातल्या जिनमधल्या पोराची संध्याकाळ आणखी तीस वर्षे कोणाच्या मोजमापात आली नाही.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, तिचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. दिवस मालकाच्या ताब्यात होता. ज्यांचा दिवस विकला गेलेला आहे त्यांच्यापाशी शिकायला रात्रच उरते, हे जोतीरावांनी ओळखले होते. शिक्षणाचा प्रश्न हा वेळेच्या मालकीचाही प्रश्न आहे, हे आपल्याकडे इतक्या लवकर जाणणारा माणूस दुसरा दिसत नाही.

आता खेळाकडे वळू. खेळ हा तर रिकाम्या वेळेचा धनी. ज्याला रिकामा वेळ नाही त्याला खेळ कसा येणार? तो येतो, पण मागच्या दाराने. पळवणकर बाळू हे चांभार समाजातले. १८९० च्या दशकात पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात ते महिना चार रुपयांवर मैदानाची कामे करीत आणि साहेबांच्या सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकीत. चेंडू टाकणे ही मजुरी होती. बॅट हातात घेणे हा खेळ होता आणि तो त्यांच्या वाट्याला येत नव्हता. त्या मजुरीतून हा माणूस आपल्या काळातला श्रेष्ठ गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही सामन्याच्या मध्यंतरात त्यांचा चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई, अशी त्या काळाची हकीकत आहे. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. तो राजकारणाचा भाग वेगळा. मला येथे एवढेच नोंदवायचे आहे की आपल्यातल्या पहिल्या मोठ्या खेळाडूने खेळ शिकला तो दुसऱ्याच्या संध्याकाळी राबून.

३

आता बाबासाहेबांच्याच संध्याकाळी पाहू. परळच्या चाळीत एकच खोली, त्यात सगळे कुटुंब. तेथे अभ्यासाला जागा नव्हती. म्हणून रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवीत आणि पहाटे दोनला उठवून त्याला अभ्यासाला बसवीत, ही हकीकत सर्वांना माहीत आहे. दुसरी हकीकत आपण तितक्या वेळा सांगत नाही. एल्फिन्स्टन हायस्कूल सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक संध्याकाळी येत. रोज एकटा वाचत बसणारा मुलगा त्यांनी हेरला, त्याला पुस्तके दिली. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. पुढे बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचा हात होता.

एका बागेमुळे बाबासाहेब घडले असे मला म्हणायचे नाही. तसे म्हणणे हा त्या माणसाच्या कष्टांचा अपमान ठरेल. पण त्या बागेच्या दाराशी फी मागायला कोणी उभे असते तर? त्या संध्याकाळी तीन गोष्टी एकत्र आल्या: सर्वांना खुली असलेली जागा, हातातले पुस्तक आणि मुलाकडे लक्ष देणारा एक मोठा माणूस. यातली एकही गोष्ट महाग नाही. तरीही त्या एकत्र मिळणे दुर्मीळ असते.

ही गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः पक्की लक्षात ठेवली असावी, असे त्यांच्या पहिल्या संस्थेकडे पाहून वाटते. मार्च १९२४ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा झाली आणि त्या जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या उद्देशांत वसतिगृहे आहेत, तशीच वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्गही आहेत. जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला वसतिगृह काढले, हे आपण सांगतो. त्याच सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि महार हॉकी क्लब काढला, हे मात्र सांगायचे राहते. गिरणगावातला तरुण मोकळ्या वेळात जुगाराच्या आणि दारूच्या अड्ड्याकडे वळू नये म्हणून त्याच्या हातात हॉकीची काठी! पुढे तीनच वर्षांत महाडचा सत्याग्रह करणाऱ्या माणसाने आपल्या पहिल्या संस्थेच्या कामात हॉकीला जागा दिली. आपल्या इतिहासकारांनी हे तळटीपेत टाकले. माझ्या मते ते मुख्य मजकुरात यायला हवे.

१९२७ साली समता सैनिक दल उभे राहिले. दल म्हटले की आपल्याला परिषदेच्या मंडपाचा बंदोबस्त आणि संचलन आठवते. पण वस्तीत दल म्हणजे रोजची संध्याकाळ होती. कवायत, लाठी, लेझीम, शिस्त आणि नंतर गप्पा. वसंत मून यांचे 'वस्ती' हे १९९५ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन वाचावे. नागपूरच्या सीताबर्डीलगतचा महारपुरा त्यात उभा आहे. गरिबी आणि उपासमार त्यात आहेच. त्याबरोबर आखाडा, खेळ, दल आणि वाचन यांनी भरलेली वस्तीची संध्याकाळही आहे. त्या संध्याकाळी कोणी विकत घेतलेल्या नव्हत्या. वस्तीने त्या स्वतः उभ्या केल्या होत्या.

आमच्या वऱ्हाडातही हवा तापलेली होती. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर आला. त्या काळात संध्याकाळचे मोल इतरांनीही ओळखलेले होते. अमरावतीतच १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झाले होते. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. नागपुरात १९२५ साली निघालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने आपली सगळी उभारणी मुलांच्या रोजच्या तासाभराच्या शाखेवर केली. १९४१ साली राष्ट्र सेवा दलानेही तोच वेळ निवडला. या संघटनांच्या विचारांशी असलेले मतभेद सांगायची ही जागा नव्हे. मुद्दा एवढाच की ज्याला समाज घडवायचा होता त्याने प्रथम मुलाची संध्याकाळ मागून घेतली. आपल्या पूर्वसूरींना हे कळत होते. आपण ते विसरलो.

४

पण या इतिहासाकडे पाहताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. हॉकी क्लब, आखाडा, लाठी ही सगळी मुलग्यांची संध्याकाळ होती. मुलगी त्या वेळी कोठे होती?

नागपूरच्या जाईबाई चौधरी यांचे चरित्र येथे आठवते. नागपूरच्या रेल्वे स्टेशनवर हमाली करणारी, डोक्यावर ओझी घेऊन कामठीपर्यंत चालत जाणारी ही मुलगी. एका मिशनरी बाईंनी तिच्या शिक्षणाचा भार उचलला आणि ती शिक्षिका झाली. ती अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी ओरड केली, नोकरी गेली. तिने १९२२ साली नागपुरात संत चोखामेळा मुलींची शाळा काढली. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद झाली. तिच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे आमच्या अमरावतीच्या. तेव्हा आपल्या स्त्रियांच्या चळवळीला परंपरा नव्हती असे कोणी म्हणू नये. पण शाळेपर्यंत आलेल्या मुलीला शाळा सुटल्यानंतर काय, या प्रश्नाला चळवळीनेही पुरेसे उत्तर दिले नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझे मूळ गाव भातकुली तालुक्यातले, पूर्णा नदीच्या खोऱ्यातले. हा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. गोड्या पाण्यासाठी रांग लावायची आणि ती संध्याकाळीच लावायची. आमच्या घरी हे काम बहिणीचे होते. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि अभ्यासात माझ्याहून हुशार. शाळेतून आली की दप्तर खुंटीला आणि गुंड डोक्यावर. मग चूल, मग धाकट्याला घेणे. माय निंदणावरून येईपर्यंत घर तिच्यावर होते.

मी त्या वेळी काय करीत होतो? मी खेळत होतो. वस्तीत एक आबाजी होते, तरुणपणी दलात काम केलेले. त्यांच्याकडे एक शिट्टी आणि आठ-दहा जुन्या लेझमी होत्या. पाच वाजता शिट्टी वाजली की पोरे विहाराच्या पटांगणात जमत. कबड्डी होई, लेझीम होई. अंधार पडला की विहाराच्या दिव्याखाली आबाजी आम्हाला वाचायला लावीत. भारनियमनाने दिवा गेला की पाठांतर. मी मोठ्याने वाचायला शाळेत शिकलो नाही, तेथे शिकलो. फी नव्हती. आबाजी वारले आणि शिट्टी वाजायची थांबली. त्यांच्यानंतर ते काम कोणाचे, हे कोणी ठरवलेच नव्हते.

बहीण सातवीनंतर शाळेत गेली नाही. त्या वेळी घरात कोणी रागावले नाही, रडलेही नाही. जणू हे ठरलेलेच होते. मी घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून माझा सत्कार झाला तेव्हा ती मागच्या रांगेत आपल्या लेकराला घेऊन बसली होती. पुष्पगुच्छ घेताना मला काही वाटले नाही. बऱ्याच वर्षांनी, वर्गात बलुतेदारी शिकवताना, एकदम लक्षात आले की माझी पदवी तिच्या संध्याकाळी मोडून घडवलेली आहे. ज्या रीतीला मी फळ्यावर शोषण म्हणत होतो, ती रीत आमच्या घरातही चालत होती आणि तिचा लाभ मला झाला होता.

५

आज परिस्थिती काय आहे? कायदा पुष्कळ पुढे गेला. १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात मुलाला विश्रांतीचा, खेळाचा आणि कलेत भाग घेण्याचा हक्क मान्य झाला. भारताने १९९२ साली ती संहिता स्वीकारली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आणि ग्रंथालय असले पाहिजे असे अनुसूचीत लिहिले. त्याच कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवण्या करायला बंदी केली. पण शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागते, क्रीडांगण आत राहते आणि मुले बाहेर. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळते. तेथे पाचवीतल्या मुलाने जमिनीवर पसरून चित्रांचे पुस्तक पाहावे अशी सोय कितीशा ठिकाणी दिसते? जेथून सरकार उठले तेथे बाजार येऊन बसला. आता संध्याकाळ तासाच्या हिशेबाने विकली जाते. ज्या घरची मजुरी रोजची आणि हंगामी, त्या घराला दरमहाची फी झेपत नाही. मुलाला चार महिने घालायचे, पाचव्या महिन्यात काढायचे. मुलाला वाटते, आपणच कमी पडलो.

मी स्वतः दोनदा प्रयत्न केला. पहिला २०१९ साली. समाजमंदिर रिकामे होते. त्याची चावी एका कार्यालयात असे, आणि ते कार्यालय बंद व्हायची व आमच्या मुलांची शाळा सुटायची वेळ जवळजवळ एकच. रोज चावीसाठी धावपळ. तरी वर्ग सुरू केला आणि गणित-इंग्रजी शिकवू लागलो. पहिल्या आठवड्यात खोली भरली, महिन्याभरात अर्धी झाली. दिवसभर शाळेत बसलेल्या मुलांना मी पुन्हा शाळेतच बसवत होतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि वर्ग संपला. पुढे शाळा मोबाइलवर गेली. ज्या घरात मोबाइल एकच आणि तो बापाच्या खिशात, त्या घरातल्या मुलांची शाळाच गेली.

दुसरा प्रयत्न त्या बाई येऊन गेल्यानंतरचा. या वेळी विहार मागितले. विहार वस्तीचे, चावी वस्तीची. बैठकीत एक ज्येष्ठ म्हणाले, "विहारात कॅरम खेळायले लावता काय?" त्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेला नाही. ज्या माणसाने स्वतःच्या मजुरीतून विहाराच्या विटा आणल्या त्याला तो प्रश्न विचारायचा हक्क आहे. मी त्यांना गाडगेबाबांची आठवण दिली. ऋणमोचन आमच्याच तालुक्यात. पूर्णेच्या काठी तेथेच बाबांच्या कामाला आरंभ झाला. याच बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वारकऱ्यांसाठी बांधलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या उपयोगाला द्यावी, यात बाबांना विटाळ वाटला नाही. आणि विहार तर मुळातच शिकण्याची जागा. नालंदा हे विहारच होते. शेवटी ठरले: आरंभी त्रिशरण-पंचशील, आत वाचन, बाहेर पटांगणात खेळ. कॅरम ओसरीवर. आक्षेप घेणारे आजोबा आता रोज ओसरीवर बसून सोंगट्या मोजतात.

इतिहासाच्या शिक्षकाला या वेळी इतिहास उपयोगी पडला. हॉकी क्लबने शिकवले की आधी खेळ, मग पुस्तक. खेळायला आलेली मुले आपणहून वाचायला थांबतात. आबाजींच्या मरणाने शिकवले की हे काम एका माणसावर टांगू नये; आमच्याकडे आता आठवड्याचे दिवस वाटून घेतलेले आहेत आणि त्यात महाविद्यालयातली मुलेमुली आहेत. बहिणीने शिकवलेले सर्वांत कठीण होते. मुली येत नव्हत्या. विचारल्यावर कळले, धाकट्याला कोठे ठेवायचे आणि अंधारात कसे परतायचे? मग वेळ अलीकडे घेतली आणि धाकट्यांना सोबत आणायची मोकळीक दिली. गोंगाट वाढला. मुलीही वाढल्या. पाण्याच्या रांगेचे काय करायचे ते अजून सुटलेले नाही. तेथे मुलग्यांना उभे करा, असे मी घरोघर सांगतो. काही घरे ऐकतात.

पैशाचे विचाराल, तर लेझीम, दोन कॅरम, दोऱ्या, चेंडू आणि पुस्तके यांना लागतो तो पैसा वस्तीत नाही असे नाही. जयंतीला आपण वर्गणी जमवतो आणि एका रात्रीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे ती उडवतो. जयंतीचा आनंद मला नको आहे असे नाही. वर्षातून एक दिवस रस्ता आपला असतो, त्याचे मोल मी जाणतो. पण त्या वर्गणीतला एक लहानसा वाटा उरलेल्या संध्याकाळींना द्यायला काय हरकत आहे? १९७२ साली आपल्या तरुणांनी ज्या ब्लॅक पँथरांचे नाव घेतले, त्यांची आपल्याला बंदूक आठवते. त्यांनी १९६९ साली ओकलंडच्या एका चर्चमध्ये मुलांना शाळेआधी मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी मुलांसाठी मुक्तिशाळा काढल्या, हेही आठवले पाहिजे. प्रार्थनेची जागा, वस्तीतली माणसे आणि रोजचे काम, एवढ्या भांडवलावर त्यांनी ते उभे केले.

बाईंना सांगायला गेलो. कराटे नाही, पण कबड्डी, लेझीम आणि पुस्तके आहेत, पोराला पाठवा. त्यांनी विचारले, "फी?" फी नाही म्हटल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "फुकटाचं टिकन काय, सर?"

हा प्रश्न मी वाचकांपुढे ठेवतो आहे. शिक्षकांपुढे, विद्यार्थ्यांपुढे, कार्यकर्त्यांपुढे. फुकटचे टिकत नाही, हा त्या बाईंचा आयुष्यभराचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. सरकारी योजना आल्या आणि गेल्या, आबाजींची शिट्टी गेली, माझा पहिला वर्गही गेला. टिकते ते ज्याची किंमत सगळे मिळून देतात ते. आपल्या वस्त्यांत विहारे आहेत. बहुतेक विहारांना संध्याकाळी कुलूप असते आणि त्याची चावी आपल्याच कोणाच्या तरी घरी खुंटीला असते. ती चावी काढून पाच वाजता दार उघडायला परिषद भरवावी लागत नाही.

तो मुलगा येतो. त्याच्या मागोमाग परवापासून त्याची धाकटी बहीणही येऊ लागली आहे. वहीत मी तिचे नाव लिहिले आहे.